होडी ठेवायची कुठे: मांडव्याला की खाडीत?

वाघोटनकाठ

परवा या फोरमवर एकाने विचारलं, कोकणात हौशी होडी ठेवायची कुठे? त्यावर एका सज्जनांनी ठोकून दिलं: "कोकणात हौशी बोट ठेवायची तर अलिबागजवळचं मांडवा. त्याच्या खाली सगळी मच्छीमार बंदरं, तिकडे बोट म्हणजे रामभरोसे. जागा निवडताना दोनच गोष्टी बघा, वीज आणि पार्किंग." खाली पन्नासेक अंगठे. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

अहो, पार्किंगमध्ये तुमची गाडी उभी राहते. होडी पाण्यात असते. तिला काय हवं ते बघा की आधी.

२०११ मध्ये होडी घेतली. १९ फुटी फायबर, मागे ४० हॉर्सपॉवरचं यामाहा. एका खाडीत खासगी धक्क्यावर जागा बघायला गेलो. सकाळचे साडेअकरा, पाणी पायरीला लागलेलं, वीज होती, नळ होता, गाडीला सावलीसुद्धा होती. लगेच पैसे दिले. तो दिवस पौर्णिमेचा होता याचा अर्थ मला पंधरा दिवसांनी कळला. अमावास्येला संध्याकाळी गेलो तर होडी चिखलात म्हशीसारखी कुशीवर पडलेली, इंजिनाचा पंखा रुतलेला. पाणी चढेपर्यंत डास मारत बसलो. मग स्टार्टर मारला. इंजिनाच्या मागून पाण्याची जी बारीक धार पडायला हवी ती पडेना. चिखल ओढून पंपाच्या रबरी पाकळ्यांचा चुरा झाला होता.

त्यामुळे माझा सल्ला एवढाच, की जागा ओहोटीला बघा, आणि तीही उधाणाची ओहोटी. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, म्हणजे साडेपाचच्या आसपास पाणी तळाला. तेव्हा जा, खोली मोजायला हातात बांबू घेऊन. अष्टमीला जाऊ नका, भांगात, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी असतो तेव्हा, सगळ्याच खाड्या शहाण्या दिसतात. मुंबईच्या बाजूला मोठ्या उधाणाला चढउतार साडेचार मीटरच्या वर जातो, आमच्या विजयदुर्गाकडे साधारण निम्माच. दोर आखूड बांधला तर होडी धक्क्याला टांगली जाते, लांब ठेवला तर शेजारच्याच्या अंगावर.

मग खाडीचं तोंड. बाणकोटला, दाभोळला मुखाशी वाळूचा दांडा. विजयदुर्गला तो नाही आणि नैऋत्येच्या वाऱ्याला आडोसा आहे. आंग्र्यांनी गिर्ये-विजयदुर्गाकडे गोदी बांधली ती काय पार्किंग बघून?

शनिवारचा खलाशी

ते सज्जन मीच. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

आंग्र्यांना सोमवारी ऑफिस नव्हतं. मला असतं. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्याही नेणारी बोट) पकडली की तासाभरात मी होडीजवळ. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली, त्याआधी मीही पनवेल-वडखळच्या खड्ड्यांतून जायचो, तेव्हा होडी महिनोन्महिने शेवाळ धरून पडायची. विजयदुर्ग म्हणजे रात्रभर गाडी, सकाळी झोप, दुपारी वायव्येचा वारा भरलेला, आणि रविवारी परत.

माझ्या इंजिनाचं मीटर तीन वर्षांत २१२ तास दाखवतं. तुमचं किती दाखवतं ते लिहा. चालवली नाही तर सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे शोरूम.

आणि मांडव्याला लाटरोधक भिंत आहे, हे सोयीस्कर विसरलात.

वाघोटनकाठ

भिंत आहे, आणि दिवसभर लाँचा आणि कॅटमरान आहेत. भिंत समुद्राच्या लाटा अडवते, आतल्या बोटींनी उठवलेल्या नाही. धक्क्याचा मार बसू नये म्हणून होडीच्या कडेला टांगता ते फेंडर किती बदलता वर्षाला?

मीटरचं नंतर सांगतो.

बोळगट्टी रिटर्न

खरी मरीना बघायची तर कोचीला बोळगट्टीला जा, मी तिथे मित्राच्या बोटीवर आठ दिवस काढलेत. तरंगता धक्का, भरतीबरोबर वर-खाली होतो, दोराची कटकट नाही. तिथे शिकलो की टोकाची स्लिप, म्हणजे बोट बांधायची जागा, हवीहवीशी वाटते पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बोटीची लाट पहिली तीच खाते. आतली घ्यावी, पण अगदी कोपऱ्यातली नको, तिथे सगळा तरंगता कचरा आणि तेल गोळा होतं. आणि वारा धक्क्यावर दाबणारा नको, सुटताना घाम फुटतो.

आपल्याकडे एवढा लांब किनारा, ४८ लहान बंदरं, आणि हौशी होडीला नळाला पाइप लावायची सोय सापडली तर सत्यनारायण घालावा. नोंदणीसाठी एका कार्यालयात तीन वेळा एकच झेरॉक्स दिली. चौथ्यांदा साहेब म्हणाले, "होडी कशाला हवी तुम्हाला, मासे तर पकडत नाही."

नाखव्याचा पोर

साहेब चुकले नाहीत फार.

सगळे वाचतोय. "मच्छीमार बंदरं" म्हणजे काय हो? शिवी आहे का ती? धक्का मासळी उतरवायला बांधलाय. पहाटे चारला आमची बोट येते, बर्फ घेतलेले हातगाडीवाले उभे, लिलाववाली बाई उभी, आणि धक्क्याला पांढरीशुभ्र होडी बांधून मालक ठाण्याला झोपलेला. दोर सोडला तर म्हणे हात का लावलात. गेल्या सीझनला माझ्या काकांनी असाच दोर सोडून होडी बाजूला नेऊन नीट नांगरली, तर त्यांनाच पोलिसांचा फोन.

दोघांनाही एक विचारतो. १ जून ते ३१ जुलै आमची मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या असतात. तुमची कुठे असते? पाण्यात ठेवलीत तर तळाला कालवं धरतात, नांगराचा दोर घासतो, एक दिवस होडी पुलाखाली मिळते. आमच्याकडे सरळ हिशोब आहे. वर काढायची, ओंडक्यांवर बसवायची, झापांनी, म्हणजे नारळाच्या विणलेल्या पानांनी, शाकारायची, नारळी पौर्णिमेला नारळ आणि मग पाण्यात. त्यामुळे जागा निवडताना बघायचं काय, तर वर ओढायला उतार आहे का आणि ओढायला माणसं आहेत का. वीज न् पार्किंग!

निळी ताडपत्री

बाकी पटलं. पण झाप? अजून झाप? ताडपत्री मिळते हो बाजारात. चार दोऱ्या, दहा मिनिटं, काम संपलं.

वाघोटनकाठ

दहा मिनिटं बांधायला आणि चार महिने रडायला. २०१४ च्या पावसात मी निळी ताडपत्रीच टाकली होती. वाऱ्यात ती दिवसरात्र फडफडते, तिच्या कडेच्या पितळी कड्यांनी जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर, कंपास फिरवल्यासारखे अर्धगोल काढले. मध्ये पोट पडून तिथे टाकीभर पाणी. आत हवा नाही म्हणून गाद्यांवर काळी बुरशी, वास अजून आहे. झापाखालून वारा खेळतो. पाणी ठिबकलं तरी सुकतं.

निळी ताडपत्री

म्हणजे तुम्हाला बांधता आली नाही. मध्ये आडवा बांबू घालून घराच्या छपरासारखा उतार करायचा, पोट पडतं कसं? कड्यांना सायकलची जुनी ट्यूब कापून लावायची.

झापाचं माझ्याकडून ऐका. सासऱ्यांनी हौसेने शाकारली होती. ऑगस्टमध्ये झाप काढले तर आत उंदरीण आणि सात पिल्लं. पेट्रोलची नळी कुरतडलेली, वायरी कुरतडलेल्या, लाइफजॅकेटचा फोम पोखरून त्याचं बाळंतपणाचं अंथरूण. वायरिंगचा खर्च सासऱ्यांनी दिला नाही हे वेगळं.

नाखव्याचा पोर

उंदीर झापामुळे येत नाही, होडीत वेफर्सची पाकिटं ठेवल्यामुळे येतो.

निळी ताडपत्री

तुम्ही आमच्या होडीत येऊन बघितलंत का?

नाखव्याचा पोर

बघायची गरज नाही. हौशी लोकांच्या होडीत जाळं नसतं, वेफर्स असतात.

शनिवारचा खलाशी

इथे होडी कुठे ठेवायची यावर चर्चा चालू होती. मी एक साधी गोष्ट लिहिली, त्यावर मला आरमाराचा इतिहास ऐकवला, आता नारळाची पानं. कोकणी माणसाला प्रश्न विचारला की तो उत्तर सोडून वाडीत नेतो, हेच खरं.

वाघोटनकाठ

आणि मुंबईकराला वाडीत नेलं की तो पार्किंग विचारतो.

गोडे पाणी

इंजिनांची कामं करतो, म्हणून बोलतो. झाप काय, ताडपत्री काय, दर ऑगस्टला दोन्हीखालून भरलेल्या होड्या बघतो. कारण एकच, तळाचं बूच काढलेलं नसतं. नाळ (होडीचं पुढचं टोक) वर, मागची बाजू खाली, बूच बाहेर, मग वर काहीही घाला. इंजिनात गोडं पाणी फिरवून ठेवा, बॅटरी काढून घरी न्या.

आणि बूच स्टिअरिंगला बांधून ठेवा. मी ते एकदा खिशात ठेवलं होतं. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात लोटली, ढोल वाजतायत, बायको नारळ घेऊन उभी, आणि माझ्या घोट्यापर्यंत पाणी. बूच दुसऱ्या पँटीत. लोकांना वाटलं मी पूजेसाठी वाकलोय.

वाघोटनकाठ

हसलो. आणि हो, २०१४ ला बूच लावलेलंच होतं माझं. ताडपत्रीचा तेवढा गुन्हा कमी करा. ओरखड्यांचा कायम.

आता मीटर. २०११ पासून १९० तास. घ्या, जिंकलात. मुंबईहून येऊन फक्त शनिवार-रविवार चालवणाऱ्याने माझ्यासारखं करू नये, मांडव्याला ठेवावी आणि फेंडरवाल्याशी ओळख वाढवावी.

पण 'रामभरोसे' मागे घ्या. मे २०२१, तौक्ते वादळ वर सरकत होतं. मी पुण्यात, टीव्हीसमोर. खाडीवर होडीची राखण करणाऱ्या दादांना फोन लावला. वारा फोनमध्येसुद्धा ऐकू येत होता.

"होडी खंय आसा?"

"तिवरात घातलंय. चारय बाजूंनी दोर दिलंय. तुमी निजा."

मग दोन दिवस फोन नाही, वीज गेलेली. तिसऱ्या दिवशी फोटो आला. भरतीच्या पाण्यावर त्यांनी होडी खाडीत बरीच आत नेऊन कांदळवनात घुसवली होती, चार झाडांना चार दोर, इंजिन काढून स्वतःच्या पडवीत आणि त्यावर गोधडी. त्यांच्या घरावरची कौलं मात्र गेली होती. ती बसवायला आम्ही दोघे चढलो, तेव्हाही ते मला कौलाला हात लावू देत नव्हते.

धक्क्याचं भाडं मी घासाघीस करून देतो. दादांच्या पैशाची कधी केली नाही.

शनिवारचा खलाशी

बरं, 'रामभरोसे' मागे. 'दादाभरोसे' चालेल?

माझ्याकडेही कौलं नाही पण तसंच आहे काहीसं. निसर्ग वादळ आलं तेव्हा, ३ जून २०२०, लॉकडाऊनमध्ये मी मुंबईत अडकलो होतो, होडी तिथल्या एका मुलाने गावकीच्या ट्रॅक्टरला बांधून वर ओढली. विजेचं कनेक्शन त्या दिवशी काहीच कामाचं नव्हतं. पार्किंग होतं, तिथेच होडी ठेवली. म्हणून पार्किंग बघा म्हणतो.

नाखव्याचा पोर

हे आधी लिहायचंत ना! एवढा भांडलो नसतो.

धक्क्यावर बांधाल तर एकच करा. दोराला गाठ अशी मारा की आम्हाला सोडता येईल, आणि होडीवर फोन नंबर मोठा लिहा. पहाटे चारला उचला पण.

बोळगट्टी रिटर्न

मूळ प्रश्न विचारणाऱ्याचं काय झालं? देवगडला मिळेल का जागा, असं मी विचारणार होतो, पण आता भीती वाटते.

निळी ताडपत्री

झाप साधारण काय भावाने पडतो?

नाखव्याचा पोर

नगावर मिळतो. उंदीर वेगळा लावत नाही.