थंडरबोल्ट डॉकवर दोन मॉनिटर लावले की एसएसडीचा राइट स्पीड पडतो. डॉक बदलू की केबल?

कोपरखैरणे_एडिटिंग
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. लॅपटॉपला थंडरबोल्ट ४ चा एकच पोर्ट आहे, शिवाय एचडीएमआय २.० आणि दोन यूएसबी-ए. थंडरबोल्ट पोर्टला डॉक (एका केबलवरून बरेच पोर्ट देणारा डबा), डॉकवर फोरके ६० हर्ट्झचे दोन मॉनिटर, थंडरबोल्ट ३ एन्क्लोजरमधली (बाहेरच्या डबीतली) एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एसएसडी, आणि खोक्यावर '२० जीबीपीएस' लिहिलेली एक पोर्टेबल एसएसडी. क्रिस्टलडिस्कमार्क या वेग मोजायच्या सॉफ्टवेअरचे आकडे, सगळे मेगाबाइट प्रति सेकंद:

एनव्हीएमई थेट लॅपटॉपला: रीड २८००, राइट २३००
एनव्हीएमई डॉकमधून, मॉनिटर चालू: रीड २७००, राइट १४००
पोर्टेबल एसएसडी, थेट किंवा डॉकमधून: दोन्ही १००० च्या आसपास

दुकानदार थंडरबोल्ट ५ चा डॉक घ्या म्हणतोय. घेऊ का?

पारसिक_अप_डाउन
थांबा, डॉक घेऊ नका. तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे: रीड जवळपास तसाच राहिलाय, फक्त राइट पडलाय.

४० गिगाबिट ही क्षमता प्रत्येक दिशेला वेगळी असते. लोकलच्या अप आणि डाउन लाइनसारखं समजा. मॉनिटरचं चित्र लॅपटॉपकडून बाहेर जातं, एसएसडीवर लिहिलेला डेटाही बाहेरच जातो. म्हणजे गर्दी एकाच लाइनवर. रीड उलट दिशेने येतो, तिथे चित्राचा अडथळाच नाही.

आता हिशोब. फोरके ६० हर्ट्झ, ८ बिट रंग म्हणजे साधारण १२.५ गिगाबिट. दोन मॉनिटरचे २५. उरले १५, आठने भागले (८ बिट म्हणजे १ बाइट) की जेमतेम १.९ गिगाबाइट. त्यातून पॅकेटचं ओझं वजा करा (थंडरबोल्टच्या वायरीतून इतर डेटा गुंडाळून नेतात त्याला टनेल म्हणतात; त्यात पीसीआय एक्स्प्रेसचं, म्हणजे एनव्हीएमई ज्या जोडणीवर चालते तिचं, पॅकेट १२८ बाइटांचंच असतं, त्यामुळे हेडरमध्ये बरंच जातं) की तुमचे १४०० येतात. डिस्प्लेचा डेटा उशिरा पोचून चालत नाही, म्हणून त्याला पहिला मान. पीसीआय एक्स्प्रेसला, म्हणजे तुमच्या एनव्हीएमईला, उरलेलं मिळतं.

मॉनिटर १० बिटवर असतील तर प्रत्येकी सुमारे १५.५ लागतात. मग राइट हजाराच्याही खाली जाईल. डिस्प्ले सेटिंगमध्ये बिट डेप्थ आधी बघा.

बिनखर्चाचा उपाय: एक मॉनिटर डॉकवरून काढून लॅपटॉपच्या एचडीएमआयला लावा. एचडीएमआय २.० वर फोरके ६० हर्ट्झ ८ बिट पूर्ण रंगात चालतं. तेवढ्याने डॉकच्या वायरवर २७ गिगाबिट मोकळे राहतात आणि राइट परत २३०० च्या आसपास यायला हवा. त्याच्या वर मात्र जाणार नाही, कारण थंडरबोल्ट ३ च्या जुन्या चिप पीसीआय एक्स्प्रेसचा डेटा २२ गिगाबिटच्या आसपासच थांबवतात.

खात्री करायची तर मॉनिटर नुसता बंद करू नका, त्याची केबल काढून पुन्हा मोजा. पडदा काळा असला तरी लिंक चालू राहू शकते.

कळवा_खाडी
वरच्या उत्तराला पूर्ण अनुमोदन. पोर्टेबल एसएसडीचं दुखणं वेगळं आहे. तिचे '२० जीबीपीएस' म्हणजे यूएसबी ३.२ जेन २ बाय २, दोन लेन (केबलमधल्या डेटाच्या वाटा) मिळून २०. थंडरबोल्ट ४ च्या पोर्टला ती पद्धत सहसा येत नाही, म्हणून एसएसडी एका लेनवर, १० गिगाबिटवर उतरते. त्याचेच ते १०००. एसएसडीत बिघाड नाही, बदलून आणली तरी आकडा तोच येईल.

डॉकमधून लावली तर आणखी एक अडचण. थंडरबोल्ट ४ डॉकवरचे सगळे साधे यूएसबी पोर्ट मिळून एकच १० गिगाबिटचा टनेल वापरतात. कार्ड रीडर, वेबकॅम, पेनड्राइव्ह, बऱ्याच डॉकमध्ये लॅनसुद्धा त्यातच. दोन एसएसडींमध्ये एकमेकींवर कॉपी केलीत तर गोष्ट वेगळी, पण दोन्हींवर एकाच वेळी लिहिलंत तर प्रत्येकीला निम्मं.

घणसोली_नोड
थंडरबोल्ट ५ डॉकबद्दल: तुमच्या लॅपटॉपवर तो ४० वरच चालेल. ८० गिगाबिटसाठी दोन्ही टोकं तशी लागतात. पैसे वाचवा.

मानपाडा_४००६०७
याच धाग्यात विचारते, साधा यूएसबी-सी हब घेतला तर? फोरके मॉनिटर एकच आहे आणि बॅकअपची एसएसडी.

कळवा_खाडी
ताई, तिथे टनेल नसतो, सरळ लेनची वाटणी असते. केबलमध्ये वेगवान लेन चार. हबने चारही मॉनिटरला दिल्या तर फोरके ६० हर्ट्झ छान दिसेल, पण यूएसबी २.० वर पडेल आणि एसएसडी ४० मेगाबाइटने रांगेल. दोन-दोन वाटल्या तर एसएसडी वेगात, पण लॅपटॉपचा डिस्प्लेपोर्ट १.२ असेल तर मॉनिटर ३० हर्ट्झवर येईल आणि माउसचा बाण अडखळत सरकेल. दोन लेनमध्ये फोरके ६० हवं तर लॅपटॉप आणि हब दोघांनाही डिस्प्लेपोर्ट १.४ लागतं. खोक्यावर नुसतं 'फोरके' लिहिलेलं असेल तर ते बहुधा ३० हर्ट्झच समजा. 'फोरके ६० हर्ट्झ' आणि 'यूएसबी १० जीबीपीएस' दोन्ही एकत्र मिळतात का, हे विचारूनच घ्या.

कोपरखैरणे_एडिटिंग
एक मॉनिटर एचडीएमआयला लावला. डॉकमधून आता रीड २७५०, राइट २२५०. मनापासून आभार. पुढे एन्क्लोजर बदलायचं झालं तर कोणतं?

पारसिक_अप_डाउन
एएसएम२४६४पीडी चिपचं यूएसबी४ एन्क्लोजर बघा. थंडरबोल्ट ४ वर ३००० च्या पुढे जातं आणि साध्या यूएसबी-सी पोर्टवरही चालतं. जुनी थंडरबोल्ट ३ एन्क्लोजर बऱ्याचदा साध्या पोर्टवर ओळखलीच जात नाहीत, क्लायंटकडे ड्राइव्ह नेल्यावर पंचाईत होते. ही चिप तापते मात्र भरपूर. जाड ॲल्युमिनियमची बॉडी किंवा छोटा पंखा असलेलंच घ्या, आणि एनव्हीएमईवरचा थर्मल पॅड वरच्या झाकणाला नीट टेकतोय ना ते बसवताना बघा. मधे फट राहिली तर मे महिन्यात एसीशिवायच्या खोलीत दहा मिनिटांत वेग कोसळतो. टेस्ट १ गिगाबाइटची नको, ६४ ची लावा. नाहीतर नुसता कॅशचाच (ड्राइव्हमधल्या छोट्या वेगवान भागाचा) वेग दिसतो.

केबल ०.८ मीटर किंवा त्याहून आखूड, विजेच्या खुणेशेजारी ४ लिहिलेली. चार्जरसोबतची केबल दिसायला तशीच, पण ती बहुधा यूएसबी २.० चीच असते. लावल्यावर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, यूएसबी, तिथे यूएसबी४ हब्ज अँड डिव्हाइसेस उघडा. एन्क्लोजर त्या यादीत नसेल तर ते टनेलमधून चालतच नाहीये, साध्या यूएसबीवर उतरलंय. आधी केबल बदलून बघा.