सांगलीत नाटकांच्या चित्रीकरणासाठी कॅनन सी-८० घ्यावा का? सल्ला हवा आहे

नमस्कार. सांगलीत माझा चित्रीकरणाचा छोटा व्यवसाय आहे. लग्नसराईत लग्ने असतातच, पण निम्म्याहून अधिक काम हौशी नाट्यसंस्थांचे प्रयोग आणि गाण्याच्या बैठकी यांचे असते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथे नाटक उभे केले, त्या गावात या कामाला तोटा नाही. पैसे मात्र बेताचेच मिळतात. म्हणूनच २०२४ साली आलेला हा कॅमेरा घ्यावा की नाही, हे ठरत नाही.

सध्या माझ्याकडे कॅननचाच फाइव्ह डी मार्क फोर आहे. त्यात सलग २९ मिनिटे ५९ सेकंदांहून जास्त चित्रीकरण होत नाही, त्यामुळे अंक रंगात आलेला असताना घड्याळावर नजर ठेवून, एखादे पात्र विंगेत जाईपर्यंत थांबून, बटण पुन्हा दाबावे लागते. त्याहून मोठी अडचण प्रकाशाची आहे. रात्रीच्या प्रवेशात निळे एलईडी दिवे आणि नटाच्या चेहऱ्यावर एकच मंद झोत असला की आयएसओ (म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) चढवावा लागतो आणि मागचा काळा पडदा दाण्यांनी भरून जातो. संकलनात अंधार जरा उजळायला जावे, तर आठ बिटच्या, म्हणजे कमी रंगछटा साठवणाऱ्या, चित्रात निळ्याचे पट्टे उमटतात.

सी-८० मध्ये फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा) ६के सेन्सर, ८००, ३२०० आणि १२८०० असे तीन बेस आयएसओ (ज्या पातळ्यांवर चित्र सर्वांत स्वच्छ येते) आणि दहा बिटचे चित्रीकरण आहे. प्रकाश कमी करणारे एनडी फिल्टर आतच असल्याने भर उन्हात अंगणात चाललेल्या हळदीला शटर १/५० वर ठेवूनही लेन्स उघडी ठेवता येईल, आणि नाट्यगृहाच्या मिक्सरचा आवाज मिनी एक्सएलआर या ध्वनीच्या जोडणीतून थेट घेता येईल. माझ्या सध्याच्या कॅमेऱ्याच्या ईएफ लेन्सही अ‍ॅडॉप्टर लावून चालतील.

प्रश्न किमतीचा आहे. अमेरिकेत सी-८० ची किंमत ५,४९९ डॉलर जाहीर झाली होती, तर कॅननच्याच २०२२ च्या आर-सिक्स मार्क टू ची २,४९९ डॉलर. हा स्वस्त कॅमेराही दहा बिट देतो, त्यात अर्ध्या तासाची अट नाही, शिवाय हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारे सेन्सरचे स्थिरीकरण आहे, जे सी-८० मध्ये नाही. मग वरचे पैसे फक्त एनडी, आवाजाची सोय आणि अंधारातली स्वच्छता यांच्यासाठीच मोजायचे का? त्यात साठवणुकीचा खर्च वेगळाच: सेकंदाला १६० मेगाबिट धरले तरी तासाला ७२ जीबी होतात, आणि तीन अंकी नाटकाची प्रत दोन डिस्कवर ठेवावीच लागते. एवढे करून बहुतेक संस्था तो प्रयोग मोबाईलवरच पाहतात, हेही खरे.

ज्यांनी हे दोन्ही कॅमेरे रंगमंचाच्या प्रकाशात वापरले आहेत, त्यांनी कृपया सांगावे की ३२०० आणि १२८०० ला नटाच्या त्वचेचा रंग आणि काळा पडदा यांत दिसण्याजोगा फरक पडतो का, आणि आर-सिक्स मार्क टू सलग दोन तास ४के चित्रीकरणात तापतो का. कोल्हापूर किंवा पुण्याहून सी-८० भाड्याने आणून राज्य नाट्य स्पर्धेचा हंगाम काढणे कोणी करून पाहिले असेल, तर दिवसाचे भाडे आणि अनामत रक्कम किती पडते, तेही कळवावे.