प्रतिसाद: पीपीटी आणि खडू

‘बी.एड.ला आयसीटीच्या (माहिती-तंत्रज्ञान वापरून शिकवण्याच्या) नावाखाली नुसती पीपीटी करायला शिकवतात, वर्गात उपयोग शून्य’ हे तुमचं म्हणणं निम्मं पटलं. माझ्या इंटर्नशिपला पाठ ऐन रंगात आला आणि लाईट गेली. प्रोजेक्टर बंद, पोरं खूश! मग खडूनेच पचनसंस्था काढली. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आधीच डाउनलोड करून नेला आणि घास अन्ननलिकेतून खाली कसा ढकलला जातो तेवढाच ४० सेकंदांचा तुकडा गटागटाने मोबाइलवर दाखवला. ती हालचाल फळ्यावर दिसतच नाही. परितेवाडीच्या डिसले गुरुजींनीही (२०२०चं ग्लोबल टीचर प्राइझ) क्यूआर कोड पुस्तकातच आणले, पुस्तक बाजूला नाही ठेवलं. आणि हो, स्पीकर घरूनच न्या. शाळेतला कपाटात असतो, किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि ते मीटिंगला.