सर्व्हरवर चालतं, काउंटरवर चालत नाही: एसक्यूएल सर्व्हरच्या कनेक्शनसाठी सल्ला हवा

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी. कराडजवळच्या एका छोट्या पतसंस्थेत मी लिपिक आहे. संगणकातलं थोडंफार कळतं म्हणून ते कामही माझ्याकडेच आलंय. एकूण चार संगणक. व्यवस्थापकांच्या केबिनमधल्या संगणकावर एसक्यूएल सर्व्हर २०१९ एक्सप्रेस (सगळी खाती ज्यात आहेत तो डेटाबेस चालवणारा प्रोग्राम) आहे आणि काउंटरचे तीन त्यालाच जोडलेले आहेत.

शनिवारी दुपारी इंटरनेटवाल्याने जुना राउटर काढून नवा बसवला. आज दहाला शटर उघडलं, तर तिन्ही काउंटरवर सॉफ्टवेअर अर्धा मिनिट अडकतं आणि मग 'सर्व्हर किंवा इन्स्टन्स सापडत नाही, एरर २६' असं येतं. केबिनमधल्या संगणकावर मात्र तेच सॉफ्टवेअर व्यवस्थित चालतंय. सगळी रांग आता केबिनच्या दारात उभी आहे. संध्याकाळी सहाला पिग्मी एजंट त्यांची मशीन घेऊन येतील, तोपर्यंत निदान एक काउंटर तरी सुरू व्हायला हवा.

राउटर बंद-चालू केला, चारही संगणक रिस्टार्ट केले. त्यानंतर एका व्हिडिओत बघून सर्व्हरच्या सिक्युरिटीच्या पानावर एक-दोन बदल केले, त्यानेही फरक पडला नाही. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांचा माणूस फोनवर म्हणतो की एसक्यूएल पूर्ण काढून पुन्हा टाकावं लागेल, बुधवारी येतो. आठ वर्षांची खाती आहेत हो त्यात. करू द्यावं का? की आधी दुसरं काही तपासता येईल? कुठून सुरुवात करू?

---

रातपाळी | सकाळी ११:२२

फायरवॉल (बाहेरून येणारी कनेक्शन अडवणारा विंडोजचा पहारेकरी) बंद करून बघा. नव्वद टक्के वेळा तेच असतं.

---

जुना_डीबीए | सकाळी ११:४५

ताई, पुन्हा इन्स्टॉल अजिबात करू देऊ नका. केबिनमध्ये सॉफ्टवेअर चालतंय याचा अर्थ सर्व्हिस सुरू आहे आणि डेटाबेस धड आहे. बिघाड केबिन आणि काउंटर यांच्या मधल्या वाटेत आहे, तो एसक्यूएल काढून टाकल्याने जाणार नाही. काहीही करण्याआधी मॅनेजमेंट स्टुडिओतून पूर्ण बॅकअप घ्या, पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि तो पेनड्राइव्ह संगणकातून काढून ठेवा.

आता एरर २६ म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे अंदाजाने इकडेतिकडे हात घालावा लागणार नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हरचं नाव 'संगणकाचं नाव, बॅकस्लॅश, एसक्यूएलएक्सप्रेस' असं असणार. यातलं एसक्यूएलएक्सप्रेस म्हणजे इन्स्टन्स, त्या संगणकावर चालणाऱ्या एसक्यूएलच्या प्रतीचं नाव. काउंटरला एवढ्यावरून पोर्ट, म्हणजे त्या संगणकावरचा नेमका दार-क्रमांक, कळत नाही. म्हणून तो आधी यूडीपी १४३४ या ठरलेल्या पोर्टवर एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर नावाच्या सर्व्हिसला विचारतो की एसक्यूएलएक्सप्रेस कुठल्या पोर्टवर बसलाय. ते उत्तर आलं नाही की २६. गावात पोहोचलात, पण घर कुठलं ते सांगणारा चावडीवर कोणी भेटला नाही, तसं. केबिनमधल्या संगणकाला हा प्रश्न पडत नाही, कारण एकाच मशीनवर असताना एसक्यूएल शेअर्ड मेमरीतून बोलतं, नेटवर्कला हातही लावत नाही. 'सर्व्हरवर चालतंय म्हणजे नेटवर्कही ठीक असणार' हा निष्कर्ष म्हणून चुकतो.

राउटर बदलल्यावर हे झालंय, त्यामुळे माझा पहिला संशय असा: विंडोजला नवा राउटर म्हणजे नवं नेटवर्क. कोणी मुद्दाम प्रायव्हेट निवडलं नाही, तर ते पब्लिक, म्हणजे अनोळखी, धरलं जातं. एसक्यूएलसाठी जुने फायरवॉल नियम करताना बहुतेकांनी फक्त प्रायव्हेटवर टिक केलेली असते. मग नियम जागेवर असतो, पण लागू होत नाही.

केबिनमधल्या संगणकावर सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट इथे जाऊन प्रोफाइल काय दिसतं ते सांगा. फायरवॉल बंद करू नका. पतसंस्थेच्या सर्व्हरवर दोन मिनिटांसाठी बंद केलेली फायरवॉल सहा महिन्यांनी तशीच बंद सापडलेली मी पाहिली आहे.

---

कृष्णाकाठ | दुपारी १२:२०

बॅकअप घेतला, पेनड्राइव्ह तिजोरीत ठेवला. प्रोफाइल पब्लिकच होतं! प्रायव्हेट केलं आणि दोन काउंटर लगेच सुरू झाले. फार फार आभार. रांग पुन्हा बाहेर गेली.

तिसऱ्यावर मात्र अजूनही २६ च येतोय. केबिनचा संगणक त्याला पिंगही (तिथवर पोहोचतंय का ते बघायची हाक) होत नाही.

---

मोडेम_ते_फायबर | दुपारी १२:३४

तिसऱ्या काउंटरच्या सॉफ्टवेअरच्या कॉन्फिग फाइलमध्ये बघा, सर्व्हरच्या नावाऐवजी आयपी लिहिलेला असेल. जुना राउटर समजा १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते देत होता आणि नवा १९२.१६८.० चे देतोय, तर तो जुना पत्ता आता कोणाचाच नाही.

आणि पिंगवर फार विसंबू नका. पिंग झालं म्हणजे पोर्ट उघडा आहे असं नाही, आणि नाही झालं म्हणून बंद आहे असंही नाही. विंडोजची फायरवॉल पिंग वेगळं अडवते. पॉवरशेलमधल्या टेस्ट-नेटकनेक्शनला सर्व्हरचं नाव आणि पोर्ट द्या, शेवटच्या ओळीत ट्रू की फॉल्स ते येतं. तेवढीच ओळ खरी माना.

---

कृष्णाकाठ | दुपारी १२:५०

अगदी तसंच निघालं. तिथे १९२.१६८.१.५ लिहिलं होतं. संगणकाचं नाव टाकलं आणि तिन्ही काउंटर सुरू झाले.

पुढच्या वेळी राउटर बदलला तर पुन्हा हेच होऊ नये, त्यासाठी काय करावं? दोन ते तीन जेवणाची सुट्टी असते, तेव्हा करता येईल.

---

जुना_डीबीए | दुपारी १:१५

दोन गोष्टी पक्क्या करा, पत्ता आणि पोर्ट.

पत्त्यासाठी राउटरच्या पानावर केबिनच्या संगणकाचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) देऊन आयपी राखून ठेवता येतो.

पोर्टचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे लोक हमखास अडखळतात. नाव असलेला इन्स्टन्स मुळात डायनॅमिक, म्हणजे सर्व्हिस सुरू होताना बदलू शकणाऱ्या, पोर्टवर असतो. कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडा, एसक्यूएलएक्सप्रेसच्या प्रोटोकॉलमध्ये टीसीपी/आयपी, त्यात आयपी ॲड्रेसेसचा टॅब. खूप खाली, अगदी तळाशी 'आयपीऑल' आहे. वरच्या रकान्यांना हात लावू नका. आयपीऑलमध्ये डायनॅमिक पोर्टचा रकाना पूर्ण रिकामा करा. तिथे ० ठेवलंत तर तो डायनॅमिकच राहतो. खालच्या टीसीपी पोर्टमध्ये १४३३ लिहा आणि सर्व्हिस रिस्टार्ट करा. त्याशिवाय यातलं काहीच लागू होत नाही.

मग फायरवॉलमध्ये टीसीपी १४३३ साठी इनबाउंड (आत येणाऱ्या कनेक्शनचा) नियम करा, फक्त प्रायव्हेटसाठी. काउंटरवर सर्व्हरचं नाव देताना संगणकाचं नाव, स्वल्पविराम, १४३३ असं द्या. स्वल्पविराम लक्षात ठेवा. इतर ठिकाणच्या सवयीने लोक कोलन देतात आणि तासभर शोधत बसतात. असा पोर्ट दिला की ब्राउझरला विचारावंच लागत नाही, २६ चा प्रश्नच मिटतो.

---

कृष्णाकाठ | दुपारी २:४०

दादा, सांगितलं तसंच केलं, सर्व्हिस रिस्टार्ट केली. आता तिन्ही काउंटरवर 'लॉगिन फेल्ड, एरर १८४५६' येतंय, आणि केबिनमधलं सॉफ्टवेअरही बंद पडलंय! सकाळी निदान तेवढं तरी चालत होतं. तीनला काउंटर उघडायचे आहेत. पोर्ट पुन्हा पहिल्यासारखा करू का?

---

जुना_डीबीए | दुपारी २:४६

काही मागे फिरवू नका. १८४५६ म्हणजे तुमची विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचली, त्याने ती वाचली आणि मग नाही म्हटलं. पोर्ट, फायरवॉल, राउटर, सगळं पार झालं. आता प्रश्न फक्त आत घेण्याचा आहे.

कारण काउंटरच्या स्क्रीनवर कळणार नाही. तिथे नेहमी स्टेट १ च दिसतं, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय. नाव चुकलं की पासवर्ड, हे बाहेरच्या माणसाला कळता कामा नये. खरं कारण सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदीत असतं. प्रोग्राम फाइल्समध्ये मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरच्या फोल्डरमध्ये एमएसएसक्यूएल१५.एसक्यूएलएक्सप्रेस आहे, त्यात एमएसएसक्यूएल आणि त्यात लॉग. तिथे एररलॉग नावाची फाइल आहे, तिला एक्स्टेन्शन नाही. नोटपॅडमध्ये उघडा, सगळ्यात खाली जा आणि १८४५६ च्या पुढचा स्टेटचा आकडा सांगा.

५ असेल तर त्या नावाचं लॉगिनच नाही. ८ म्हणजे पासवर्ड चुकला. ३८ म्हणजे लॉगिन बरोबर आहे पण मागितलेला डेटाबेस उघडता आला नाही, बहुतेक वेळा नाव चुकलेलं किंवा परवानगी नसलेली असते.

---

कृष्णाकाठ | दुपारी २:५२

स्टेट ५८. त्याखालच्या ओळीत एसक्यूएल ऑथेंटिकेशनने (एसक्यूएलच्या स्वतःच्या नाव-पासवर्डने) लॉगिनचा प्रयत्न फसला, सर्व्हर फक्त विंडोजच्या लॉगिनवर लावलेला आहे, अशा अर्थाचं इंग्रजीत आहे.

---

जुना_डीबीए | दुपारी २:५४

सकाळी व्हिडिओ बघून सिक्युरिटीच्या पानावर केलेला बदल तो हाच. तिथे 'विंडोज ऑथेंटिकेशन मोड' निवडला गेला. हा बदल सर्व्हिस रिस्टार्ट होईपर्यंत झोपून राहतो. सकाळी त्यानंतर रिस्टार्ट झालंच नाही, म्हणून फरक दिसला नाही, आणि आता पोर्टसाठी रिस्टार्ट केल्यावर तो जागा झाला.

केबिनच्या संगणकावर मॅनेजमेंट स्टुडिओत विंडोजच्या लॉगिनने आत जा. सर्व्हरच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी. 'एसक्यूएल सर्व्हर आणि विंडोज' हा पर्याय निवडा. सर्व्हिस पुन्हा रिस्टार्ट.

---

कृष्णाकाठ | दुपारी ३:०३

चारही संगणक सुरू. पहिली पावती छापली आत्ता. खातेदार थांबलेत, नंतर लिहिते.

---

रातपाळी | दुपारी ३:३०

छान झालं. ५८ ची माहिती नव्हती मला, लिहून ठेवली.

याला जोडून माझा एक अनुभव. नव्या लॅपटॉपवर ओडीबीसी ड्रायव्हर १८ (सॉफ्टवेअरला डेटाबेसशी जोडणारा दुवा) टाकला आणि चालू असलेलं कनेक्शन 'सर्टिफिकेट विश्वासार्ह नाही' म्हणून तुटलं. जुन्या ड्रायव्हरने तेच चालत होतं. १८ पासून एन्क्रिप्शन आपोआप चालू धरलं जातं आणि सर्व्हरचं स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट त्याला मान्य नसतं. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कपुरतं 'ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट' चालू करून काम भागतं. काउंटरचा संगणक बदलाल तेव्हा हे आठवा.

---

कृष्णाकाठ | संध्याकाळी ७:१५

पिग्मीचा सगळा भरणा उतरला, रोकड जुळली. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बुधवारची भेट रद्द करायला सांगितली आहे.

आणखी एक विचारते. अध्यक्षांना घरून रोजचा ताळेबंद बघायचाय. इंटरनेटवाला म्हणतो, राउटरवर १४३३ पोर्ट बाहेरून उघडून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. करू द्यावं का? आणि आमचं सॉफ्टवेअर सगळीकडे 'एसए' (सर्व्हरवर सगळे अधिकार असलेलं लॉगिन) नावानेच लॉगिन करतं, ते चालतं ना?

---

मोडेम_ते_फायबर | संध्याकाळी ७:४०

नाही, कृपा करून नाही. २५ जानेवारी २००३ ला एसक्यूएल स्लॅमर नावाचा वर्म (स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम) पसरला, तो याच यूडीपी १४३४ मधून. अवघ्या ३७६ बाइट्सचं पॅकेट, आणि काही मिनिटांत जगभरची नेटवर्कं तुंबली, अमेरिकेत एका मोठ्या बँकेची एटीएम बंद पडली. त्यावरचा पॅच (दुरुस्ती) जुलै २००२ पासून उपलब्ध होता, पण कितीतरी ठिकाणी टाकलेलाच नव्हता. ते भगदाड बुजून वर्षं झाली, तरी उघड्या १४३३ वर पासवर्ड आजमावणारे प्रोग्राम आजही रात्रंदिवस फिरतात. पोर्ट बाहेर उघडलात तर तीच एररलॉग फाइल १८४५६ ने भरून वाहील, आणि प्रत्येक ओळीत लॉगिनचं नाव 'एसए' असेल.

अध्यक्षांना व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट) करून द्या. तेही जमत नसेल तर संध्याकाळी ताळेबंदाची पीडीएफ पाठवा. खातेदारांचे पैसे आहेत ते.

---

जुना_डीबीए | रात्री ९:०५

वरच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. 'एसए'बद्दल: सॉफ्टवेअरसाठी वेगळं लॉगिन करून त्याला फक्त तुमच्या डेटाबेसची परवानगी द्या आणि 'एसए' बंद करा. पण घाईने नको. आधी पुरवठादाराकडून खात्री करून घ्या की कॉन्फिग फाइलमध्ये नाव बदलता येतं. काही सॉफ्टवेअरमध्ये ते आतच बांधलेलं असतं.

तिजोरीतला बॅकअप दुसऱ्या एखाद्या संगणकावर रिस्टोअर करून पाहिलाय का कधी?

---

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ९:४०

कधीच नाही. घरच्या लॅपटॉपवर एक्सप्रेस टाकून करून बघू का?

---

जुना_डीबीए | सकाळी ९:५५

खातेदारांचा डेटा आहे, घरी नेऊ नका. ऑफिसातच, व्यवस्थापकांना सांगून, एखाद्या काउंटरच्या संगणकावर करा. तिथे २०१९ किंवा त्यापुढचंच एक्सप्रेस टाका. नव्या आवृत्तीचा बॅकअप जुन्यावर चढत नाही.

रिस्टोअर झाल्यावर सॉफ्टवेअरच्या नावाने आत जाता आलं नाही तर घाबरू नका. लॉगिन सर्व्हरमध्ये राहतं आणि यूजर डेटाबेसमध्ये. बॅकअपबरोबर यूजर येतो, लॉगिन येत नाही. नव्या मशीनवर त्याच नावाचं लॉगिन केलंत तरी दोघांचा आतला ओळख क्रमांक जुळत नाही. 'ऑल्टर यूजर' वापरून त्या यूजरला नव्या लॉगिनशी जोडलं की झालं. ('एसए'ला हे लागत नाही, पण वेगळं लॉगिन कराल तेव्हा लागेल.)

---

कृष्णाकाठ | सकाळी १०:०५

ठीक आहे. शनिवारी अर्धा दिवस असतो, काउंटर बंद झाल्यावर करते आणि काय झालं ते याच धाग्यात लिहिते. आयपी, पोर्ट आणि संगणकाचं नाव एका कागदावर लिहून केबिनच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. काउंटर उघडला, येते.