सैनिकी गणवेशाचे कापड: सर्व हवामानांसाठी एकच की वेगवेगळे?

उभाआडवा
वाळवंट, जंगल आणि बर्फ यांसाठी वेगवेगळी कापडे ठेवण्यापेक्षा अर्धे सूत व अर्धे नायलॉन अशा मिश्र धाग्याचे रिपस्टॉप (फाट पसरू न देणारे) कापड सर्वत्र वापरावे आणि थंडीत आतले थर वाढवावेत, असे माझे मत आहे. अमेरिकी लष्कर हे मिश्रण वर्षानुवर्षे वापरत आले आहे. अशा शर्टाची बाही उजेडाकडे धरली की जाड धाग्यांच्या बारीक चौकटी दिसतात. काट्याने भोक पडले तरी फाट त्या चौकटीपाशी अडते. गोदामात चार कापडे आणि प्रत्येकाची सगळी मापे सांभाळण्याचा व्याप वाचतो, तो वेगळाच.

दमटहवा
गोदामाला घाम येत नाही, सैनिकाला येतो. दमट जंगलात घाम सुकतच नाही आणि पाठपिशवीच्या पट्ट्याखाली ओले, जाड कापड खांदा सोलून काढते. व्हिएतनामसाठी अमेरिकेनेच 1960 च्या दशकात पातळ सुती पॉपलिनचा सैलसर गणवेश काढला होता. शिवाय आगीचे काय? कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो, म्हणूनच 2006 मध्ये इराकमधील अमेरिकी मरीन सैनिकांना तळाबाहेर जाताना पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे कपडे अंगालगत घालण्यास मनाई करण्यात आली.

उभाआडवा
आपण दिलेले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. ती मनाई मुख्यतः आतल्या कृत्रिम बनियनांपुरती होती. त्यानंतरही त्या सैनिकांच्या अंगावर बाहेरून अर्धे नायलॉन असलेलाच गणवेश होता. जंगलासाठी तेच मिश्रण पातळ विणावे, हे मात्र मान्य.

हिमरेषा
पातळ विणले म्हणजे ते दुसरे कापड झाले, इथेच आपला ‘एकच’ हा शब्द गळून पडतो. आणि थंडीत फक्त थर वाढवून भागत नाही, कारण चढावर आलेला घाम सुती थरात साचतो आणि थांबल्यावर तीच ओल अंगातली ऊब खेचून घेते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते आणि सहजासहजी पेटत नाही. ती जड असते व वाळायला वेळ घेते, हेही खरेच.

पण सूत म्हणजे थंडीत त्याज्य, असेही मी म्हणणार नाही. दुसऱ्या महायुद्धात थंड समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी ब्रिटनने वापरलेले व्हेंटाइल हे कापड निव्वळ सुती होते. लांब तंतूंचे सूत इतके घट्ट विणलेले असे की पाणी लागताच धागे फुगून छिद्रे बुजत. तेव्हा मिश्रणाच्या टक्क्यांवर वाद घालण्याआधी वीण, वजन आणि ते कापड कोणत्या थरात जाणार आहे, हे आपण सांगावे. तोपर्यंत अंगालगतच्या थरासाठी माझे मत लोकरीलाच.