धडधाकट दिसणाऱ्याने दिव्यांगांच्या जागेत गाडी लावावी का?

सुरंगी_४२
दिव्यांगत्वाचं कार्ड आहे, आजार कायद्याच्या यादीत आहे, तरी दिव्यांगांच्या जागेत गाडी लावली की कोणीतरी येतंच, "मॅडम, तुम्ही तर चांगल्या चालताय की." परवा बाजारात एका काकांनी तर मोबाईल काढून फोटोच घ्यायला सुरुवात केली. मला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस आहे. नसांवरचं आवरण खराब होतं आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत धड पोचत नाही. सकाळी गारव्यात मी तुमच्यासारखीच चालते, पण अंगातली उष्णता जरा वाढली की नजर धूसर होते, पाय ओढायला लागतो, आणि थंड जागी थोडा वेळ बसलं की परत ठीक. आता एप्रिल-मे मधली रत्नागिरी डोळ्यांसमोर आणा, ती चिकचिक, वारा पडलेला, आणि गाडी लांब उन्हात. जाताना मी जाईन हो चालत, येताना हातात मासळीची पिशवी घेऊन कोण आणणार मला? माझं म्हणणं एवढंच, की विचारायचं तर पार्किंगवाल्याने विचारावं, मी कार्ड दाखवीन. येणाऱ्याजाणाऱ्याला माझं दुखणं सांगत बसायला मी बांधील नाही.

मिऱ्या_बंदर
ताई राग मानू नका पण लोक विचारतात ते बरंच आहे. व्हीलचेअरचं स्टिकर दुकानात कोणालाही मिळतं. मागच्या काचेवर साहेबांचा फोटो, पुढे व्हीलचेअर, आणि आतून उतरतात चार धट्टेकट्टे गणपतीपुळ्याला निघालेले. कोणीच हटकलं नाही तर ती जागा गेलीच समजा. खोटं सांगून सवलत घेणाऱ्याला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण पकडणार कोण?

कोर्टाची_पायरी
९१ वाचलंत तर पुढचं ९२ पण वाचा. लोकांसमोर दिव्यांग माणसाचा पाणउतारा करायच्या हेतूने मुद्दाम अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं आणि दंड. नुसतं विचारणं हा गुन्हा नाही, हेतू लागतो. पण फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकायला निघालेल्यांनी जरा सांभाळून. आणि १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार सातच होते, आता २१ आहेत, त्यात एमएस, पार्किन्सन, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, मानसिक आजार असं बरंच आहे जे रस्त्यावर उभं राहून बघितलं तर कळत नाही.

चाकावरची_स्वारी
मी व्हीलचेअर वापरतो, आणि माझं मत सुरंगीताईंना आवडणार नाही. आजार खरा आहे, कार्ड खरं आहे, शंका नाही. पण ती जागा ३.६ मीटर रुंद ठेवायला का सांगितलीय? दार पूर्ण उघडून, चेअर शेजारी लावून मला तिच्यावर सरकता यावं म्हणून. प्रवेशापासून ३० मीटरच्या आत असावी हा नियम वेगळा, तो जवळ पडावं म्हणून. ताईंना जवळ हवंय, मला रुंद हवंय, आणि नियम करणाऱ्यांनी दोन्ही एकाच चौकोनात कोंबलंय. ताई लांब लावून बसत बसत येतील, त्रास होईल, मान्य, पण मी साध्या जागेत लावली तर उतरूच शकत नाही. आणि उतरून गेलो न् तेवढ्यात शेजारी कोणी चिकटवून लावली, तर परत आल्यावर गाडी माझी, चावी माझी, आणि मी भर पावसात त्या बाबाची वाट बघत बाहेर. म्हणून दुसरा पर्याय असेल तर रुंद जागा सोडावी असं मला वाटतं, कायद्याने हक्क असला तरी.

सुरंगी_४२
दादा, फोटोवाल्या काकांचं नाही पटत, तुमचं अर्धं पटतंय. जवळ सावलीत साधी जागा असली तर मी तिथेच लावते. पण नसते ना. आणि बसत बसत म्हणजे कुठे बसू? वाटेत एक बाक दाखवा. दोन जागा रंगवल्यात, एकीत भाजीचा टेम्पो आणि दुसरीत स्कूटरींची रांग. आपण दोघं कोणी कोणाला सोडावी यावर वाद घालतोय, आणि लावून गेलाय तिसराच.

रापणकर
आमच्या हय बाजारात गाडी लावूक जागाच गावणा नाय, निळो चौकोन खय शोधतास? होतो एक, तेच्यार आता आंब्याच्यो पेट्यो लागतत. तां बघा आधी, मगे भांडा.

खाडीपलीकडे
"कार्ड दाखवा" हे ज्यांना कार्ड मिळतं त्यांच्यापुरतं झालं. बाबा डायलिसिसवर आहेत. किडनी निकामी होणं त्या २१ मध्ये नाहीच. डायलिसिस संपवून बाहेर येतात तेव्हा बीपी खाली गेलेलं असतं, पायरी उतरवत नाही. एसटी डायलिसिसच्या पेशंटला सवलत देते, पार्किंगच्या हिशोबात मात्र ते ठणठणीत!

मिऱ्या_बंदर
मग वाढवत बसा यादी. उद्या शुगरवाले येतील, परवा गुडघेवाले. आमच्याकडे घरं वर, विहीर खाली, उभा जन्म चढउतारात, अख्ख्या वाडीचे गुडघे गेलेत. कुठेतरी रेघ मारायलाच लागते, म्हणून किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे.

परटवणे_पोस्ट
रेघ आजाराच्या नावावर मारायची का, हा प्रश्न आहे. नणंद इंग्लंडमध्ये असते म्हणून तिकडचं माहीत आहे. दिव्यांगांच्या पार्किंगच्या परवान्याला ब्लू बॅज म्हणतात, ३० ऑगस्ट २०१९ पासून न दिसणाऱ्या आजारांसाठीही निकष स्पष्ट केले. चालताना खूप अडचण येते का, जिवाला धोका आहे का, मनावर फार ताण येतो का, हे बघतात. बॅज माणसाचा असतो, गाडीचा नाही, आणि समोर ठेवताना फोटोची बाजू खाली. म्हणजे बॅज आहे एवढंच दिसतं, कोणाला काय झालंय ते नाही.

मिऱ्या_बंदर
तिकडे तपासायला वॉर्डन फिरतात. इकडे पावती फाडणारा पोरगा, तो कार्ड बघणार?

सुरंगी_४२
टक्क्यांचं म्हणाल तर तपासणीच्या दिवशी एसी खोलीत मी ठणठणीत होते. बाहेर पडून गाडीपर्यंत येईस्तोवर पाय गेला. कुठला आकडा खरा धरायचा?

चाकावरची_स्वारी
ताई, बाक आणि सावलीचं मला सुचलं नव्हतं. मग नगरपरिषदेकडे दोन वेगळ्या गोष्टी मागूया. रुंद जागा व्हीलचेअरवाल्यांना. आणि दाराजवळच्या चार साध्या जागा, वर पत्रा टाकून, कार्डवाल्यांना आणि डॉक्टरची चिठ्ठी असलेल्यांना. म्हणजे डायलिसिसवाले बाबा पण त्यात आले. पण तोपर्यंत माझं मत तेच, रुंद जागा शेवटचा पर्याय म्हणून वापरा.

सुरंगी_४२
आणि माझं तेच, की शेवटचा पर्याय कधी आलाय ते मी ठरवणार.

कोर्टाची_पायरी
अर्ज मी लिहून देतो. टेम्पो आणि स्कूटरींचं पहिल्या परिच्छेदात घालतो.

मिऱ्या_बंदर
सही करतो. पण मी विचारणारच हं, कोणीही असो.

सुरंगी_४२
विचारा की. आधी टेम्पोवाल्याला.