आमदार फंडातून गावाला एकदाच २० लाखाचं काम मिळतंय, कोणतं काम मागावं?

नवा_सदस्य:
नमस्कार मंडळी, मी पहिल्यांदाच ग्रामपंचायतीवर निवडून आलोय, गाव साधारण अडीच हजार वस्तीचं. आमदारसाहेबांनी मागच्या आठवड्यात शब्द दिलाय की यंदा त्यांच्या फंडातून २० लाखापर्यंतचं काम देऊ, ठराव घेऊन पाठवा. आता गावात दोन तट पडलेत, काहींना सभामंडप पाहिजे, काहींना वेशीपासून शाळेपर्यंत पेव्हर ब्लॉक, आणि बायका म्हणतात वरच्या आळीला पाणी चढत नाही ते कोण बघणार. मला बायकांचंच पटतंय पण पाण्याचं काम नेमकं कसं मागायचं, पाइपलाइन म्हणायचं की नवी टाकी, काहीच कळत नाही. ज्यांनी असे पैसे खर्च होताना जवळून बघितलेत त्यांनी सांगा, चुकलो तर गाव पाच वर्ष बोलेल.

निवृत्त_ग्रामसेवक:
भाऊ, आधी पैसा कोणता ते ओळखा. वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला मिळणारा पैसा हप्त्याहप्त्याने येतो, १५ व्या आयोगात (२०२१-२६) त्यातला ६० टक्के बंधित (ठरलेल्या कामांनाच वापरायचा) होता, निम्मा पाण्याला निम्मा स्वच्छतेला, बाकीचा ४० टक्के गावाच्या विकास आराखड्यातल्या कामांना. आमदार फंड तसा नाही. मतदारसंघाला वर्षाला ५ कोटी, त्यात गावं किती ते मोजा, म्हणजे तुमचा नंबर परत कधी लागेल ते कळेल. आणि त्यातून बांधकाम मिळतं, पण पुढे मोटार जळाली किंवा वॉलमनचा (पाणी सोडणाऱ्या माणसाचा) पगार थकला तर त्यातून दमडी मिळत नाही, ते सगळं घरपट्टी-पाणीपट्टीतून.

मी नोकरीला असताना एका गावात पाण्याचं एटीएम, म्हणजे नाणं टाकलं की शुद्ध पाणी देणारं यंत्र बसवलं होतं. उद्घाटनाला मांडव घातला, सगळे आले. दीड वर्षात आतलं मेंब्रेन (पाणी गाळणारा पडदा) गेलं, बदलायला ग्रामपंचायतीकडे पैसे नव्हते, लोक परत जार विकत घ्यायला लागले. मी बदली होऊन निघालो तेव्हा नाणं टाकायच्या फटीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. वाईट वाटतं अजून, कारण त्या ठरावावर सही माझी होती आणि चालवायला वर्षाला किती लागतील हे तेव्हा मी एकदाही विचारलं नाही.

बांधावरचा:
सभामंडपाला उगाच नावं ठेवू नका हां. आमच्याकडे मंडप झाल्यापासून गरिबाघरची लग्नं गावातच होतात, ग्रामसभा तिथेच होते, पावसाळ्यात तर दुसरी जागाच नाही आणि वर भाडंही येतं. देखभाल म्हणजे रंग आणि पत्रा, बाकी काय.

पाइप_वॉल_टाकी:
बांधावरचा यांचं बरोबर आहे, ज्याचा रोजचा खर्च कमी ते काम टिकतं. पण इथे पाण्याचा प्रश्न आहे म्हणून सांगतो, मी पाणीपुरवठ्याचीच कामं करतो. वरच्या आळीला पाणी चढत नाही म्हणजे पाइपलाइनच लागेल असं लगेच धरू नका दादा. पहाटे पाणी सोडायच्या वेळी वॉलमनबरोबर एकदा पूर्ण गाव फिरा. एका गावात मी असाच फिरलो, खालच्या आळीतल्या निम्म्या नळांना तोट्याच नव्हत्या, भांडी भरली की पाणी तसंच गटारात, मग वर दाब राहणार कुठून? तोट्या लावल्या, दोन वॉल (पाणी चालू-बंद करायचे व्हॉल्व्ह) टाकून आळीनुसार वेळा वेगळ्या केल्या आणि तिसऱ्या दिवशी वर पाणी आलं. त्याला मोठा निधी लागलाच नाही.

तुमच्याकडे तसं निघालं तर २० लाख मोकळे राहतात, मग ते पंपाच्या सोलरला टाकता येतात का ते जिल्हा नियोजन कार्यालयात विचारा. पावसाळ्यात सोलर कमी चालतो म्हणून महावितरणचं कनेक्शन मात्र काढू नका. पण त्याआधी एप्रिल-मे मध्ये विहिरीला पाणी किती राहतं ते बघा, विहीरच आटत असेल तर सोलरचा काय उपयोग. आणि पेव्हर ब्लॉक पाइपच्या आधी अजिबात नको, जल जीवन मिशनच्या (घरोघरी नळाच्या योजनेच्या) वेळी किती गावांत नवाकोरा काँक्रीट रस्ता मधोमध कापावा लागला ते डोळ्यांनी बघितलंय, तो पट्टा परत कधीच नीट बसत नाही.

माजी_सरपंच_ताई:
वरच्या भावांनी सांगितलं ते सगळं खरं, माझी भर एवढीच की लाईट बिल विसरू नका. आमचं पाणीपुरवठ्याचं कनेक्शन थकबाकीत तोडलं होतं, ऐन मार्चमध्ये, योजना नवी, टाकी नवी, आणि आम्ही बायका परत विहिरीवर. २०२१ ला वित्त आयोगाच्या पैशातून बिल भरायची परवानगी मिळाली, पण मग विकासाचा पैसा बिलातच गेला. म्हणून रोजचा खर्च कमी करणारं काम मागा असं मी पण सांगेन.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्या, ती कायद्याने घ्यायचीच असते पण नुसत्या सह्या फिरवतात. पाणी किती वाजता येतं, किती हंडे भरतात हे त्यांना विचारून इतिवृत्तात लिहा. ठरावात 'पाणीपुरवठा काम' असं मोघम लिहू नका, कुठून कुठपर्यंत, किती मीटर, किती इंची ते शाखा अभियंत्याला जागेवर आणून घ्या. आणि लवकर करा, फेब्रुवारीत प्रस्ताव गेला की ३१ मार्चच्या घाईत इस्टिमेट कुणीही बघत नाही. दोष दायित्व कालावधी किती ते वर्क ऑर्डरमध्ये वाचून ठेवा, त्या काळात गळती निघाली तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते.

नवा_सदस्य:
ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. आज पहाटे साडेपाचला वॉलमनकाकांबरोबर फिरलो. खालच्या आळीत ३१ नळांना तोटी नाही, त्यात एक आमच्या चुलत्यांचा. आणि शाळेमागचा वॉल गंजून अर्धाच फिरतोय, काका म्हणाले चार वर्ष सांगतोय कुणी ऐकत नाही. उद्या तोट्या आणतोय, पहिली चुलत्यांच्या नळाला लावणार. पाइप दादा, तो वॉल बदलायचा तर ग्रामनिधीतून करता येईल ना, की त्याला पण अभियंत्याची तांत्रिक मान्यता लागेल?